गोंधळ्याच्या पोराची मुलाखत

खुर्ची होती. माझ्या डोळ्यांदेखत ती उचलली.

डाक बंगल्याच्या त्या खोलीत मी पाऊल टाकलं तेव्हा टेबलाच्या अलीकडं एक वेताची खुर्ची मांडलेली होती. माझ्या आधीचा उमेदवार नुकताच तिच्यावरून उठून बाहेर गेला होता. मी खुर्चीकडं निघालो. तेवढ्यात टेबलापलीकडून अध्यक्ष शिपायाला म्हणाले, "अरे, ती खुर्ची घे बाजूला. सतरंजी अंथर. यांना मोकळं बसता येईल."

मोकळं. शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

शिपायानं सतरंजी झटकली, अंथरली. बसा असं कुणी म्हणालं नाही. मीच बसलो. अंगात मुख्याध्यापकांचा मागून आणलेला कोट. मांडी घातल्यावर तो कमरेशी गोळा झाला आणि मानेशी वर चढला. टेबलाची कड माझ्या कपाळाच्या पातळीत आली. वर तीन तोंडं, खाली सहा पाय. एकाच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. अशा वेळी माणसाला नको ते दिसतं.

"गाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुळजापूर. नोकरीला कळंबला आहे. हायस्कुलात मराठी शिकवतो."

"म्हणजे गोंधळी ना तुम्ही?"

"जी. मी एम.ए..."

"ते आहे इथं लिहिलेलं."

माझी फाईल टेबलावर होती. पण ती उघडली नव्हती. तिच्यावर पानाचं तबक ठेवलेलं होतं. मंडळींची जेवणं झालेली असावीत. अध्यक्षांनी तबकातला एक विडा उचलला, टेबलावरून वाकून माझ्यापुढं धरला.

"घ्या."

मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

"छान," ते म्हणाले आणि बाजूच्या दोघांकडं बघून हसले. "आता जरा म्हणून दाखवा."

ही मुलाखत कशाची होती ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल जत्रेतला खेळ ठरत होता. मुलाखत प्रवासवृत्तीची होती. मराठवाडा महाराष्ट्रात आल्याला फार दिवस झाले नव्हते. पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरातल्या विद्वानांच्या मंडळाला वाटलं, या मागास भागातल्या तरुण संशोधकांना हात द्यावा. इतिहास, भाषा, लोकवाङ्मय असल्या विषयांत ज्याला काम करायचंय त्याला वर्षभर हिंडायचा खर्च द्यायचा. एसटीचं भाडं, मुक्काम, कागद. शाळेतून रजा मिळवून द्यायची तजवीजही मंडळच करणार. मुलाखती जिल्ह्याच्या गावी, सरकारी कागदावर ज्याला उस्मानाबाद म्हणत आणि आम्ही धाराशिव. ती जाहिरात मी शाळेच्या मास्तरांच्या खोलीत वाचली आणि मला पुढचा तास घेता आला नाही. मुलांना निबंध लिहायला सांगून मी मैदानाला चकरा मारत राहिलो.

कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट कित्येक दिवस वळवळत होती.

गोंधळाच्या सुरुवातीला देवांना आवतण द्यायचं असतं. एकेका गावाचं नाव घेऊन तिथल्या देवाला बोलवायचं, की गोंधळाला या. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी ही मोठी ठाणी सगळ्यांच्याच आवतणात असतात. ती संपली की प्रत्येक घराण्याची आपापली गावं सुरू होतात. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या आवतणात तेर येतं. मग तेरणेच्या काठची बारकी बारकी गावं येतात, मग खाली कानडी मुलखातली नावं. माझ्या मामांच्या आवतणात यातलं एकही नाही. ते बार्शीच्या अंगानं सरकतात. लहानपणापासून मी हे ऐकत होतो आणि मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. औरंगाबादेत एम.ए. करताना एकदा सहज नकाशा पुढं घेतला, आबांचं आवतण मनात म्हणत गेलो आणि बोट फिरवत गेलो. बोट कुठंही उडी मारत नव्हतं. गावाला लागून गाव येत होतं. म्हणजे ही नुसती देवांची नावं नव्हती. ही वाट होती. आमची माणसं ज्या वाटेनं गात, मागत, मुक्काम करत आली ती वाट त्यांनी आवतणात बांधून ठेवली होती.

तेरला जमिनीतून जुनी खापरं आणि मणी निघतात. फार पूर्वी तिथं मोठी बाजारपेठ होती म्हणतात. मला शंका होती की व्यापाऱ्यांची जुनी वाट आणि आमच्या आवतणाची वाट एकच असावी. खरं का खोटं, ते पाय झिजवल्याशिवाय कळणार नव्हतं. दुसऱ्या घराण्यांची आवतणं गोळा करायला हवी होती आणि म्हातारे गोंधळी एकेक करून चालले होते. मला एक वर्ष हवं होतं. हिंडायला. बाकी काही नको होतं.

मी काही फार हुशार होतो असं नाही. चिवट होतो. माझी सुरुवातीची शाळा उर्दू, कारण राज्य निजामाचं. आमचे मास्तर दखनी बोलायचे. मी वर्गात तोंड मिटून बसलो की म्हणायचे, "पूछने कू शरम नक्को रे." पोलीस ॲक्शननंतर ते हैदराबादेकडं निघून गेले, पुन्हा दिसले नाहीत. त्यांचं एवढंच वाक्य माझ्याकडं राहिलं. शाळा मराठी झाली, मीही मराठी झालो. दिवसा शाळा आणि लग्नसराईत आबांच्या मागं संबळ. परीक्षेच्या आदल्या रात्रीही मी कुणाच्या तरी मांडवात होतो.

आता त्या विड्याचं सांगतो. आमच्यात गोंधळ ठरतो तो सुपारीनं. यजमान चार लोकांत सुपारी नाहीतर विडा पुढं करतो, गोंधळी तो घेऊन कपाळाला लावतो. झालं. मग त्यानंतर ना म्हणायचं नाही. अंगात ताप असो, नदीला पूर असो, घरात बाळंतीण अडलेली असो. घेतलेली सुपारी परत जाते ती फक्त एकाच कारणानं. घरात मयत झाली तर. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, अंगावरच्या कातडीसारखं ते येतंच. म्हणून विडा दिसला तसे माझे हात आपोआप पुढं झाले. हातांना काय माहीत ही मुलाखत आहे. दुसरा कुणी उमेदवार असता तर पान खाऊन, आभार मानून मोकळा झाला असता. ही चूक करायची तर गोंधळ्याच्याच पोरानं करायची.

आणि अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. गोंधळ, जागरण, भारूड यांवर त्यांचं जाडजूड पुस्तक होतं. एम.ए.ला मी ते अभ्यासाला लावून घेतलं होतं. सुपारीच्या चालीवर त्यात अख्खं पान होतं. गोंधळी उभ्यानं गातो, हेही त्यात होतं. मग सतरंजी कशाला? खाली बसवायला. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, परतीच्या एसटीत सुचलं.

तेव्हा मी उभा राहिलो. संबळ नाही, तुणतुणं नाही, मागं झील धरायला कुणी नाही. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.  मग डोळे मिटले आणि समोर कुणी नाही असं धरून सुरू केलं. एकदा लागला तो आवाज लागलाच. खोटं कशाला सांगू, मी चांगला गायलो. त्याचाच मला आजही जास्त राग येतो. बेसूर झालो असतो तर परवडलं असतं. व्हरांड्यातली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. तो शिपाई भिंतीला टेकून ऐकत होता. अध्यक्षांनी टेबलावर बोटांनी ताल धरला. मी आवतण म्हणत होतो. तेर आलं, तेरणाकाठची गावं आली. माझं सगळं संशोधन माझ्या तोंडातून त्या खोलीत पडत होतं आणि समोरचे तिघं माना डोलवत होते.

मी थांबलो. टाळ्या झाल्या. मुलाखतीत टाळ्या!

"वा," अध्यक्ष म्हणाले. "हे रक्तातच असावं लागतं. शिकून येत नाही. ये तू आता."

तू. आत आलो तेव्हा मी तुम्ही होतो.

"सर, माझं टिपण जोडलंय," मी म्हणालो. "आवतणातल्या गावांचं."

"वाचू की. सावकाश वाचू."

मोज्याला भोक असलेले सभासद तेवढे माझ्या लिखाणाबद्दल एक वाक्य बोलले. "तुम्ही फायलीवर 'दरखास्त' असं लिहिलंय. तुमची मराठी जरा निजामी आहे हं. आपल्याकडं अर्ज म्हणतात." अर्ज तरी काय गोदावरीच्या पाण्यातून वर आलाय? तोही त्याच वाटेनं आला ज्या वाटेनं दरखास्त आली. पण हे मी बोललो नाही. विडा माझ्या मुठीत होता, तो घेऊन बाहेर आलो.

व्हरांड्यात माझ्या आधीचा उमेदवार उभा होता. सोलापूरच्या एका बड्या वकिलांचा मुलगा, अध्यक्षांचा विद्यार्थी. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"काय आवाज आहे हो तुमचा! अंगावर काटा आला माझ्या."

"तुम्हाला काय विचारलं?" मी म्हणालो.

"अहो, पिळून काढलं नुसतं. विषय हाच का, पद्धत काय, कुणाकुणाचं वाचलंय, अडचण आली तर काय करणार. घाम फुटला मला." तो तक्रार करत होता. मला त्याचा हेवा वाटला. मला कुणी पिळलं नव्हतं. "आणि तुम्हाला?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"काहीच विचारलं नाही."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला.

त्या दिवसानंतर मला एका जागी बसवेना. जेवायला बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जावं कळेना. फळ्याकडं तोंड करून लिहिताना मागं मुलं हसली की वाटे, यांना त्या सतरंजीचं कळलं. आधी नुसती लाज होती. तिच्यात रागाचं नाव नव्हतं. मीच स्वतःला समजावत होतो, की मोठी माणसं आहेत, गाणं आवडलं त्यांना, यात काय अपमान? बाजाराच्या दिवशी कळंबच्या मोंढ्यात माणसांच्या गर्दीतून उगाच हिंडायचो. धान्याच्या पोत्यांवर बसलेले अडते हाका मारायचे, "गुरुजी, काय पायजेल?" मला काय पाहिजे ते त्यांच्या दुकानात नव्हतं.

मग आबांचा निरोप आला. लगोलग ये, काम आहे.

मी तुळजापूरला पोचलो तर घरात सणाची गडबड. आबांचा अंगरखा धुऊन वाळत घातलेला. कवड्यांची माळ पुसून ठेवलेली. आबा माझा हात धरून मला देव्हाऱ्यापुढं घेऊन गेले. तिथं दोन सुपाऱ्या होत्या.

"तुझ्या सायबांचा मानूस आल्ता. मोठी मंडळी दर्शनाला यायलीत. आज गोंधळ सांगितलाय," आबा म्हणाले. "येक सुपारी माझी. येक तुझ्या नावाची. येगळी! आजवर कुनी पोराच्या नावानं येगळी सुपारी धाडली व्हय रं?"

आबांच्या आयुष्यात विद्वान माणसांनी त्यांना पहिल्यांदाच बोलावलं होतं. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी देवाचं नाव घेऊन माझी सुपारी माझ्या हातात ठेवली. मी ती कपाळाला लावली. आणि माझ्या येड्या मनानं काय केलं सांगू? आशा धरली. वाटलं, टिपण वाचलं असणार. वाटलं, निकाल आबांच्या समोर सांगावा म्हणून बोलावलं असणार.

दुपारी मंडळींना भेटायला गेलो. ज्या पुजाऱ्यांकडं ती उतरली होती त्यांच्या ओसरीवर गाद्या-लोड घातलेले. अध्यक्ष लोडाला टेकलेले, बाजूला ते दोन सभासद, आणि वकिलांचा मुलगा. आबा पायरीच्या खाली उभे राहिले. ते कधी वर चढत नसत. मी त्यांच्या शेजारी थांबलो.

"ये, ये," अध्यक्ष मला म्हणाले. "गोड बातमी आहे. तुझं टिपण वाचलं. कल्पना फार सुंदर आहे."

 मी आबांकडं बघितलं. आबा हसत होते.

"म्हणून आम्ही ठरवलं, ही कल्पना वाया जाऊ द्यायची नाही," ते पुढं म्हणाले. "प्रवासवृत्ती यांना दिली आहे." त्यांनी वकिलांच्या मुलाकडं बोट केलं. "यांच्याकडं शास्त्रशुद्ध पद्धत आहे. आणि तू यांच्याबरोबर जायचंस. वाट दाखवायची, गाऊन दाखवायचं, तुमच्या लोकांशी गाठ घालून द्यायची. भत्ता मिळेल. रजेचं आम्ही बघतो. वडिलांनाही घ्या बरोबर, म्हणजे कसं सगळं घरचंच होईल."

"लई उपकार झाले, मालक," आबा म्हणाले आणि वाकले.

 "कल्पना माझी आहे," मी म्हणालो.

"अरे, म्हणून तर तुला घेतोय."

"मग मला विचारलं कामून न्हाय?" माझं एम.ए.चं मराठी कुठं गेलं कुणास ठाऊक, तोंडात घरची बोली आली. "मुलाखतीला बोलावलं अन् कामाचं एक बी विचारलं न्हाय. कामून?"

अध्यक्ष रागावले नाहीत. ते समजुतीनं हसले. लहान मुलाला हसावं तसे. "तुला काय विचारायचं? तू झरा आहेस. झऱ्याला कुणी विचारतं का, पाणी कुठून आणलंस म्हणून?"

सभासद म्हणाले, "वा!"

त्या 'वा'नं मी जागा झालो. इतके दिवस जी लाज घेऊन मी हिंडत होतो ती माझी नव्हतीच. ती त्यांची होती आणि मी ती वाहत होतो. हे मला त्या पायरीशी उभं राहून उन्हासारखं लख्ख दिसलं. मी खिशातून सुपारी काढली आणि ओसरीच्या कडेवर अध्यक्षांच्या समोर ठेवली.

आबांनी माझं मनगट धरलं. "आरं, काय करायलास? कपाळाला लावलीया!"

अध्यक्षांच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पुस्तकातलं ते पान त्यांनीच लिहिलेलं होतं. ते सावकाश म्हणाले, "कोण गेलं घरात?"

"कुणी न्हाय," मी म्हणालो. "समदे जित्ते हायेत. तरी परत देतोय."

 आतून पुजारी बाहेर आले आणि दारातच थांबले. वकिलांचा मुलगा खाली गादीकडं बघत होता. आबांची माझ्या मनगटावरची पकड सुटली. ती सुटलेली मला जास्त लागली.

"तुझंच नुकसान आहे," अध्यक्ष म्हणाले. "मंडळाकडून पुन्हा काही मिळणार नाही."

"कळतंय."

"मग हा ताठा कशासाठी?"

"मी सांगायला आलो होतो, साहेब. गायला आलो नव्हतो."

मी वळलो आणि चालू लागलो.  शूरबिर काही वाटत नव्हतं. बाजारातून, कुंकवाच्या दुकानांवरून, यात्रेकरूंच्या गर्दीतून नुसता चालत होतो. मागून आबा आले. रागावतील, मारतील, असं वाटलं. एकदा मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझी तू परत दिलीस," आबा म्हणाले. "माझी म्या द्येनार न्हाय. म्या घेतलीया."

"आबा, ते आपल्याला..."

"मला शिकवू नगंस. शबुद दिलाय म्या."

आबांनी त्यांचा शब्द पाळला. गोंधळ झाला. माझ्या जागी चुलतभावानं संबळ वाजवला. आणि दिवाळी झाल्यावर आबा त्या वकिलांच्या मुलाबरोबर निघाले. मी कळंबला मुलांची चाचणी घेत होतो आणि माझ्या डोक्यातल्या वाटेवर माझाच बाप दुसऱ्याच्या मागं चालत होता.  कधी आबांचा राग यायचा, कधी मंडळाचा, मग पुन्हा आबांचा. स्टँडवर धाराशिवची गाडी लागली की वाटे बसावं, गाठावं, त्या पोराच्या हातातला कागद ओढून घ्यावा. बसलो नाही. गाडी जायची आणि मी धूळ बघत राहायचो.

ऊन तापू लागल्यावर आबा परत आले. सरळ कळंबला माझ्या खोलीवर आले. पाय धुतले, पाणी प्याले.

"कसं झालं?" मी विचारलं.

"लई जपलं पोरानं. ऊन लागू दिलं न्हाय. च्या, जेवन, समदं येळंवर." त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. "पर लेकाचा येक गोस्ट इचारंना. म्हना म्हनायचा, की म्या म्हनायचं. पुन्ना म्हना म्हनायचा, की पुन्ना. तेरला गेलो. तितं येका बाईनं इचारलं, आज्या, तुमी कोन, कशापायी हिंडायलाव? म्या सांगाया तोंड उघडलं. तर त्योच बोलला. हे आमचे गायक, म्हनला."

"मग?"

"मग काय? माझं तोंड तसंच उघडं ऱ्हायलं."

सांगताना आबा हसले. नंतर मात्र बराच वेळ ते पंच्यानं पाय पुसत बसले. पाय केव्हाच कोरडे झाले होते.

"पुन्ना न्हाय जानार," ते म्हणाले.

पुढं मंडळाचं त्रैमासिक शाळेच्या ग्रंथालयात आलं. एक सहकारी कौतुकानं घेऊन आला. "वाचा गुरुजी, तुमच्याच लोकांवर आहे." आवतणातल्या गावांवर मोठा लेख होता. सोबत नकाशा. माझं बोट जिथून जिथं फिरलं होतं तिथून तिथं एक काळी रेघ. माझ्या टिपणातली वाक्यं ओळखू येत होती, जरा इस्त्री केलेली. आबांचाही उल्लेख होता. 'तुळजापूरचा एक वृद्ध गोंधळी.' एवढाच. नाव नाही, बापाचं नाव नाही, आळी नाही. मी कुठंच नव्हतो. मी तो अंक कपाटात परत ठेवला आणि तास घ्यायला गेलो. त्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटा निघालो. पगारातून जमेल तेवढं. एसटी जाईल तिथवर एसटीनं, पुढं पायी. गोंधळ्यांच्या घरी जाऊन बसायचो. पहिल्यांदा ते संबळ काढायला उठायचे. मी म्हणायचो, राहू द्या, बसा. मला सांगा, तुमच्या आवतणात ही गावं का आहेत? काही जण बिथरायचे, काही रागावायचे, काही हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "असलं कुनी इचारीत न्हाय बाबा." सगळी उत्तरं काही खरी नव्हती. तरी मी ती लिहून घेतली आणि प्रत्येकाचं नाव पुरं लिहिलं.

दुसऱ्या एका संस्थेची प्रवासवृत्ती निघाली तेव्हा मी पुन्हा गेलो. मुलाखत औरंगाबादेत होती. चेहरे वेगळे होते, कोटही वेगळे. एक गृहस्थ ओळखीचं हसले.

"धाराशिवला तुम्ही काय गायलात म्हणे! कानावर आलंय आमच्या. जरा ऐकवा की."

"नाही," मी म्हणालो.

"का हो? घसा बसलाय?"

"घसा उत्तम आहे. माझ्या कामाबद्दल विचारा."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "एवढा राग बरा नाही."

"राग आहे," मी म्हणालो. "विचारा."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, आभार मानले. वृत्ती मिळाली नाही. मिळेल असं मला वाटलंही नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. तेव्हाही मिळाली नाही. आता संस्थांच्या कचेऱ्यांत मी तापट म्हणून माहीत आहे. तिकडचा कारकून माझं नाव वाचून कपाळाला हात लावतो, असं मला कुणीतरी सांगितलं. लावू दे.

मी लिहितोच आहे. माझ्या नावानं, आबांच्या पुऱ्या नावासकट. आणि जाहिरात निघेल तेव्हा मुलाखतीलाही जाणार आहे. दर वेळी. गाईन ते माझ्या माणसांच्या मांडवात गाईन. या लोकांपुढं माझा गळा नाही, माझं डोकं उभं राहील. त्यांना ते बघवत नसेल तर त्यांनी दार बंद करावं, मी बाहेर थांबीन. आज ना उद्या त्यांना मला विचारावं लागेल. विचारल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.